सोनगाव, पण नेमकं कोणतं?

आपल्या सोसायटीच्या पत्त्यात ‘वडगाव’च्या पुढे ‘बुद्रुक’ हा शब्द आहे. तो गाळला की काय होतं, याचा अनुभव गेली पंचवीस वर्षं आपण सगळेच घेत आहोत. कुरिअरवाला वडगाव शेरीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जातो. पाहुणे शेजारच्या वडगाव खुर्दला उतरून फोन करतात. गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेत दरवर्षी कोणीतरी ठासून सांगतं की इंग्रजांचा आणि मराठ्यांचा वडगावचा तह आपल्याच वडगावात झाला. १७७९ सालचा तो तह झाला वडगाव मावळला. शिवाय कोल्हापूरकडे पेठ वडगाव आहे आणि बारामतीकडे वडगाव निंबाळकर आहे, ती वेगळीच.

आज आपण फोन करून विचारू शकतो, ‘कुठलं वडगाव?’ पण शंभर वर्षांपूर्वी ज्याने कागदावर नुसतं ‘वडगाव’ लिहिलं, त्याला आता कोण विचारणार? जुन्या कागदांतून आपल्या घराण्याचं मूळ शोधायला निघालेल्या माणसापुढे पहिली अडचण येते ती हीच. निवृत्तीनंतर मी स्वतः आमच्या घराण्याचा असा शोध घेतला. स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा वाटलं की हाच अनुभव लिहावा. आपल्या चार विंगांमध्ये सातारा, सोलापूर, कोकण, खानदेश, मराठवाडा अशी सगळीकडची मंडळी आहेत. कोणाला तरी उपयोग होईल.

जिल्हे बदलले, नावं बदलली

गावं जागची हलत नाहीत (धरणात गेलेली सोडून, त्यांच्याकडे पुढे येतो), पण त्यांचे जिल्हे आणि तालुके मात्र सारखे हलत असतात. आजोबांच्या दाखल्यावर ‘जिल्हा कुलाबा’ असेल, तर ते मुंबईतलं कुलाबा नव्हे. तो आजचा रायगड जिल्हा, १९८१ पर्यंत त्याचं नाव कुलाबा होतं. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्यामुळे मालवण, सावंतवाडीकडच्या मंडळींच्या जुन्या दाखल्यांवर रत्नागिरी जिल्हा दिसतो. खानदेश १९०६ पर्यंत एकच जिल्हा होता, मग त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि पुढे तेच जळगाव आणि धुळे झाले. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे भाग पडले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. सी विंगमधल्या एका ताईंच्या वडिलांच्या जन्मदाखल्यावर ‘दक्षिण सातारा’ वाचून त्यांची मुलं साताऱ्यात गाव शोधत होती. ते गाव निघालं सांगलीजवळ.

संस्थानांचा गुंता वेगळा. औंध, फलटण, भोर, सांगली, मिरज, जत ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली. त्याआधी त्यांची दप्तरं त्यांच्याकडे होती. तिथलं गाव आज सातारा किंवा सांगली जिल्ह्यात दाखवलं जात असलं, तरी १९३० साली ते जिल्ह्याच्या कलेक्टरच्या दप्तरात नव्हतं. औंधबद्दल तर बोलायलाच नको. पुणेकराला औंध म्हटलं की मुळा नदीकाठचं आठवतं, सातारकराला यमाईचं आणि पंतप्रतिनिधींचं, आणि हिंगोलीकडचं ज्योतिर्लिंग आहे ते औंढा नागनाथ. मराठवाड्यातल्या कागदांत आणखी एक पायरी वाढते, कारण तो भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथले बरेच कागद उर्दूत आहेत आणि गावांची नावंही वेगळी येतात. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, हे ठाऊक नसेल तर माणूस नकाशावर बोट फिरवत बसेल.

थोडक्यात, कागदावर गावाचं नाव दिसलं की लगेच नकाशा उघडू नये. आधी दोन प्रश्न विचारावेत. कागद कोणत्या सालचा? आणि त्या साली या भागावर राज्य कोणाचं होतं?

बुद्रुक, खुर्द, तर्फ, संमत

गावाच्या नावापुढची शेपटं आपण निष्काळजीपणे गाळतो, पण जुने लोक ती कारणाशिवाय लावत नव्हते. ‘बुद्रुक’ हा फारसी ‘बुजुर्ग’पासून आलेला शब्द, अर्थ मोठा. ‘खुर्द’ म्हणजे लहान. एका नावाची दोन गावं शेजारी असली की एक बुद्रुक, एक खुर्द. ‘कसबा’ म्हणजे बाजारपेठेचं मोठं गाव, ‘मौजे’ म्हणजे साधं शेतीचं खेडं. पूर्वी परगणे होते आणि त्यांच्या पोटात तर्फा आणि संमत असत, म्हणजे काही गावांचे गट. परगणे गेले, तालुके आले, पण ‘तर्फ’ आणि ‘संमत’ हे शब्द काही गावांच्या नावाला चिकटून राहिले. महसुली कागदांत ते आजही दिसतात.

मोडी कागदांत हे शब्द पूर्ण लिहीत नाहीत. पहिलं अक्षर आणि पुढे दोन दंड, झालं काम. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘क॥’ म्हणजे कसबे, ‘त॥’ म्हणजे तर्फ, ‘सं॥’ म्हणजे संमत. पुढे कोणी बाळबोधीत नक्कल केली की ‘त॥’चं ‘ता.’ होतं आणि तर्फेचा तालुका बनतो. उलटही होतं. आमच्या घराण्याचं गाव हरवलं होतं ते याच एका अक्षरापाशी.

त्यात मोडी ही धावती लिपी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. साधारण १९५० पर्यंत ती शाळेत शिकवत. माझ्या वडिलांना वाचता येत होती, मला नाही. एका पिढीत घरातला कागद घरच्यांनाच परका झाला. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडीचे वर्ग चालतात. ज्यांना वेळ आहे त्यांनी जरूर जावं, सहा महिन्यांत सरावाने बरंच लागतं. पेशवे दप्तरातल्या चिठ्ठ्या नाही वाचता आल्या, तरी आजोबांच्या हातचं खरेदीखत वाचता येतं.

तारखांचंही असंच. शके असेल तर ७८ मिळवा, इसवी सन येतो. फसली असेल तर साधारण ५९०. मराठेशाहीच्या कागदांतला सुहूर सन असेल तर साधारण ५९९. पण फसली आणि सुहूर वर्षं जानेवारीत सुरू होत नाहीत, शक चैत्रात सुरू होतो, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक पडतो. बँकेत आम्ही ‘ॲज ऑन’ कोणत्या तारखेला, हे विचारल्याशिवाय आकडा मान्य करत नसू. इथेही तेच करावं.

आमचं आडनाव आणि त्यातली गंमत

आता आमची गोष्ट. आमचं आडनाव सोनगावकर, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. आडनावातच गाव आहे म्हटल्यावर शोधायचं काय, असं कोणालाही वाटेल. पण सोनगाव एक नाही. बारामती तालुक्यात आहे, फलटण तालुक्यात आहे, नगरकडे राहुरी तालुक्यात आहे, आणि एकट्या सातारा तालुक्यात दोन आहेत. एक सोनगाव तर्फ सातारा, दुसरं सोनगाव संमत निंब.

आजोबा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईला गिरणीत लागले. वडील परळच्या चाळीत जन्मले. घरात गावाचा विषय निघाला की आजोबा गप्प होत. वडील सांगायचे, ‘आपलं शेत होतं, आजोबांच्या भावाने खाल्लं. त्या गावाचं नाव काढू नका.’ वडील गेले ते गाव न बघताच. त्यांच्या जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर मात्र तीन पिढ्यांची नावं ओळीने लिहिलेली होती, आणि पत्र्याच्या पेटीत आजोबांचा शाळेचा दाखला होता. त्यावर होतं: ‘मु. सोनगाव, ता. जि. सातारा.’ एवढ्याच भांडवलावर मी कामाला लागलो. निमित्त झालं नातीचं. तिला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला होता आणि तिने विचारलं, ‘आजोबा, तुमच्या पणजीचं नाव काय?’ घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मी आयुष्यभर कर्जाची प्रकरणं पाहिली. शेतीकर्ज म्हटलं की सात-बारा, आठ-अ, फेरफार आणि वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. तीच पद्धत इथे लावली. आधी कोणतं सोनगाव नाही ते ठरवायचं. दाखला १९०३ सालचा. त्या काळी फलटण हे संस्थान होतं, म्हणजे तिथल्या मुलाच्या दाखल्यावर सातारा तालुका येणार नाही. बारामती पुणे जिल्ह्यात, राहुरी नगर जिल्ह्यात. ती तीन बाद झाली. राहिली सातारा तालुक्यातली दोन.

आमचे थोरले चुलत भाऊ पूर्वी एकदा सोनगाव तर्फ सातारा इथे जाऊन आले होते. ‘ता. सातारा’चा अर्थ त्यांनी ‘तर्फ सातारा’ असा लावला होता. गावात ‘सोनगावकर कोणी आहेत का’ विचारलं तर लोक हसले. ते परत आले आणि घरात ठरलं की आपलं तिथे कोणी उरलं नाही.

लोक का हसले, याचा मी बराच विचार केला. मग लक्षात आलं की सोनगावात सोनगावकर असणारच कसा? गावात सगळेच सोनगावचे. तिथे माणसं ओळखली जातात ती कुळाच्या, वतनाच्या किंवा धंद्याच्या नावाने. पाटील, कुलकर्णी, जाधव, शिंदे, सुतार. गाव सोडून माणूस दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला ‘अमुककर’ म्हणू लागतात. म्हणजे ‘कर’ लागलेलं आडनाव बऱ्याचदा गाव सुटल्यावर पडलेलं असतं. मूळ गावच्या दप्तरात ते सापडेलच असं धरून चालू नये. जुन्या मोडी कागदांत तर पुष्कळदा आडनावच नसतं. ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच. बाई असेल तर ‘कोम’ लावून नवऱ्याचं नाव. म्हणून शोध घ्यायचा तो आडनावाने नव्हे, तर मुलगा, बाप, आजा अशा नावांच्या साखळीने. एक नाव शंभर ठिकाणी सापडेल, तीन नावं त्याच क्रमाने दोन ठिकाणी सापडणं कठीण.

नाशिकची वही

साखळी हातात होती, गाव दोनांपैकी एक. कुठे जुळवायचं? मी नाशिकला गेलो. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या असतात, हे आपणांपैकी अनेकांना माहीत असेल. त्र्यंबकेश्वर, पैठण, काशी, हरिद्वार अशा ठिकाणीही असतात. यात्रेकरू आला की त्याचं गाव, कुळ, सोबत कोण, घरी कोण, मुलं किती, हे लिहून खाली त्याची सही किंवा खूण घेत. त्यात सरकारचा काही संबंध नसल्याने कर चुकवण्यासाठी कोणी खोटं सांगत नसे. वह्या गावांच्या आणि कुळांच्या नावाने लावलेल्या असतात आणि कोणत्या भागाचे उपाध्याय कोण, हे तिथल्या मंडळींना तोंडपाठ असतं.

गुरुजींनी दोन्ही सोनगावांच्या वह्या काढल्या. पहिल्या सोनगावात काही जुळलं नाही. दुसऱ्या वहीत, सोनगाव सं॥ निंब, शके १८१५ ची, म्हणजे १८९३-९४ सालची नोंद निघाली. वडिलांच्या डायरीतली वरची दोन नावं त्याच क्रमाने होती. कुळ जाधव. खाली मुलांची नावं होती, थोरला आणि धाकटा, आणि धाकट्याचं नाव माझ्या आजोबांचं. पुढच्या एका पानावर १९२१ सालची, आजोबांची स्वतःची नोंद होती. बाळबोधीत, त्यांच्या हातची: ‘मूळ सोनगाव, हल्ली मुंबई परळ.’ आडनाव जाधवच लिहिलेलं. म्हणजे आम्ही मूळचे जाधव. परळच्या चाळीत आधीच पाच-सहा जाधव असणार, म्हणून हे झाले ‘ते सोनगावकर जाधव’, आणि पुढे वडिलांच्या शाळेत नुसते सोनगावकर.

‘निंब’ म्हणजे साताऱ्याजवळचं लिंब. शाहू महाराजांच्या काळातली बारा मोटांची प्रसिद्ध विहीर आहे ते. लिंब म्हणा की निंब म्हणा, झाड एकच. पण यादीत ‘नि’खाली शोधलं तर ‘लि’ सापडत नाही, हेही लक्षात ठेवावं.

फेरफारात काय निघालं

गाव पक्कं झाल्यावर साताऱ्याच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी रीतसर अर्ज केला. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. त्यानंतर जमिनीचा मालक बदलला की फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद होऊ लागली. सात-बारा सांगतो आज जमीन कोणाकडे आहे. ती त्याच्याकडे कशी आली हे फेरफार सांगतो. मृत्यू, वाटणी, विक्री, गहाण, बक्षीस, प्रत्येकाला क्रमांक आणि तारीख. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, त्यामुळे आधी जुना-नवा नंबर जुळवून घ्यावा लागतो. तेवढं केलं की एका नोंदीवरून मागच्या नोंदीवर, अशी साखळी मागे नेता येते.

आम्हाला दोन नोंदी मिळाल्या. पहिली १९२४ ची, पणजोबांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद. वारस तीन: दोन मुलगे आणि विधवा. विधवेच्या नावापुढे ‘कोम’ आणि पणजोबांचं नाव, खाली ‘निशाणी डावे हाताचा आंगठा’. ते माझ्या पणजीचं नाव. नातीच्या शाळेतला वंशवृक्ष देऊन चार वर्षं झाली होती, पण तिने ते नाव त्यात नंतर लिहिलं. ते इथे छापत नाही, आमच्या देवघरात लिहून ठेवलं आहे.

दुसरी नोंद डिसेंबर १९२८ ची. आजोबांनी आपला हिस्सा थोरल्या भावाला रजिस्टर खरेदीखताने विकला. रक्कम तीनशे पंचवीस रुपये, रोख मिळाल्याबद्दल आजोबांची सही. मी ती सही दाखल्याशी आणि नाशिकच्या वहीतल्या अक्षराशी ताडून पाहिली. चाळीस वर्षं सह्या तपासल्या आहेत. सही त्यांचीच.

आता ‘भावाने शेत खाल्लं’ हे पिढ्यान् पिढ्या सांगितलेलं वाक्य घ्या आणि त्यासमोर ही तारीख ठेवा. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांमध्ये मोठा संप झाला. एप्रिलमध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला. गिरणगावातल्या हजारो घरांत त्या काळात पगार आला नाही. आजोबा त्याच गिरणगावात, घरात बायको आणि तीन मुलं. संप मिटल्यावर दोन महिन्यांनी हे खरेदीखत झालं. दुकानदाराची आणि पठाणाची उधारी फेडायला गड्याने जमीन विकली, एवढाच त्याचा सरळ अर्थ मला दिसतो. आणि विकली ती बाहेरच्या सावकाराला नाही, सख्ख्या भावाला.

किंमत तरी वाजवी होती का? तेही पाहिलं. त्याच वहीत, त्याच गावच्या, पुढच्या-मागच्या वर्षांतल्या तीन विक्रीच्या नोंदी शोधल्या आणि एकरी दर काढला. भावाने दिलेला दर त्यांच्याइतकाच होता, एका नोंदीपेक्षा थोडा जास्तच. फसवणारा माणूस बाजारभाव देत नाही.

मग ते वाक्य आलं कुठून? माझा अंदाज असा: गाव सोडलेल्या माणसाला ‘मी जमीन विकली’ हे मुलांना सांगणं जड जातं. तो गप्प बसतो. त्या गप्प बसण्याचा अर्थ मुलं आपापल्या परीने लावतात. आजोबा भावाविरुद्ध एक शब्द बोलल्याचं कोणालाच आठवत नाही. बोलले ते वडील.

भाऊबंद

नकला घेऊन मी आणि माझा मुलगा सोनगावला गेलो. या वेळी ‘सोनगावकर कुठे राहतात’ असं न विचारता ‘जाधवांची घरं कुठली’ असं विचारलं आणि थोरल्या आजोबांचं नाव घेतलं. पाच मिनिटांत घरी पोचलो. त्यांचे नातू, वय ऐंशीच्या पुढे, ओसरीवर बसले होते. नात्याने माझे थोरले चुलतभाऊ. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘आबा, आमच्या घरात बी येक गोष्ट हाय. मुंबईवाल्यांनी पैसं नेलं आन् परत कधी तोंड दावलं न्हाई. म्हातारीच्या दिसालासुद्धा आलं न्हाईत.’’

म्हणजे तक्रार दोन्हीकडे होती. गाव नमुना चौदाच्या वहीत, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदीत, पणजीच्या मृत्यूची तारीख मी पाहिली होती. १९३१ चा आषाढ, भर पावसाळा. आजोबा का आले नाहीत, याला कागदात उत्तर नाही. निरोप उशिरा पोचला असेल, रजा मिळाली नसेल, किंवा जमीन विकल्यावर त्या उंबऱ्यात पाय टाकायची लाज वाटली असेल. मी दादांना तेवढंच सांगितलं. त्यांनी खरेदीखताची नक्कल नातवाकडून दोनदा वाचून घेतली. मग सुनेला म्हणाले, ‘‘च्या नको, जेवायलाच वाढ.’’

गेल्या वर्षी माझ्या नातवाच्या मुंजीवळ... असं मी लिहिणार नाही, कारण आमच्यात मुंज नसते. पण धाकट्या नातवाच्या जावळाला गावाकडची अकरा माणसं आपल्या क्लब हाउसमध्ये आली होती. गाडी लावायला जागा नव्हती तेव्हा बी विंगने सहकार्य केलं, त्याबद्दल इथे पुन्हा आभार.

तुमचं मूळ शोधायचं असेल तर

अनुभवावरून काही गोष्टी सुचवतो.

सुरुवात सरकारी कार्यालयापासून करू नका, घरातल्या सर्वांत वयस्क माणसापासून करा. तीन पिढ्यांची नावं क्रमाने लिहून घ्या. कुलदैवत, देवक किंवा गोत्र, जत्रेचा महिना आणि बायकांची माहेरं विचारा. माहेर फार उपयोगी. जुन्या सोयरिकी सहसा दिवसभराच्या बैलगाडीच्या अंतरात होत, त्यामुळे चार माहेरं नकाशावर मांडली की मधलं गाव आपोआप दिसू लागतं.

मग शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. त्यात जन्मगाव, जात, वडिलांचा धंदा असतो आणि जुन्या शाळांनी ती रजिस्टरं जपलेली असतात. त्यानंतर फेरफार आणि गाव नमुना चौदा. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर काही जिल्ह्यांतले जुने महसुली कागद घरबसल्या पाहता येतात. घराण्याला इनाम किंवा वतन असेल तर इंग्रजी राजवटीतल्या इनाम कमिशनच्या चौकशीचे कागद पाहावेत. १८५२ च्या कायद्यानंतर हक्क सिद्ध करण्यासाठी लोकांनी वंशावळी सादर केल्या, त्या पुण्याच्या पुराभिलेखागारात सापडू शकतात. जमीन नसलेल्यांसाठी तीर्थक्षेत्रांच्या वह्या आणि शाळा हाच मोठा आधार. जमिनीच्या दप्तरात नाव येतं ते जमीनवाल्याचं किंवा कर्जदाराचं, हे विसरू नये. नाव सापडलं नाही म्हणजे माणूस नव्हता, असा अर्थ होत नाही.

ज्यांचं गाव कोयनेच्या शिवाजीसागरात, उजनीत किंवा मुळशीच्या धरणात गेलं, त्यांनी जुनं आणि नवं अशी दोन्ही ठिकाणं लिहून ठेवावीत. कोयनेची माणसं पार ठाणे, रायगड, सांगली, सोलापूरपर्यंत वसवली गेली. नव्या वसाहतीला पुष्कळदा जुन्याच गावाचं नाव दिलेलं असतं. पुढच्या पिढीला तेच मूळ गाव वाटेल. आणि घरात जुने कागद असतील तर आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पानशेतच्या १९६१ च्या पुरात पुण्यातल्या किती घरांतल्या पेट्या वाहून गेल्या, हे इथले जुने लोक सांगतील.

शेवटी एक गोष्ट आपल्या सोसायटीपुरती. आपल्या इमारतींखालची जमीनही कोणाच्या तरी फेरफारात आहे. पंचवीस वर्षांपूर्वी इथे ज्वारी होती, हे आपण पाहिलं आहे. आपली मुलं ‘वडगावची’ म्हणून वाढली आणि उद्या त्यांची मुलं परदेशात बसून विचारतील की हे वडगाव कोणतं. म्हणून मी चेअरमनसाहेबांना विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली: सोसायटीच्या ऑफिसात एक जाड रजिस्टर ठेवलं आहे. प्रत्येक कुटुंबासाठी एक पान. रकाने असे: मूळ गाव पूर्ण नावासह (बुद्रुक, खुर्द, तर्फ काही न गाळता), तालुका आणि जिल्हा तेव्हाचा व आताचा, मूळ कुळ, आजोबा-आजी आणि पणजोबा-पणजींची नावं, गाव कधी आणि का सोडलं. आज्यांच्या आणि पणज्यांच्या नावांचा रकाना कृपया कोरा सोडू नये.

पहिलं पान मी भरलं आहे: मौजे सोनगाव संमत निंब, तालुका व जिल्हा सातारा, मूळ कुळ जाधव. उरलेली पानं या दिवाळीपर्यंत भरली जावीत, ही सर्वांना विनंती.